नऊ आण्यांचं पुस्तक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे महिनाभर लिहिणं-वाचणं बंद होतं. मुंबईच्या वहिनींनी आणि दोघातिघा वाचकांनी "सर, ठीक आहात ना?" म्हणून विचारलं, त्यांचे आभार. ठीक आहे. डोळाही ठीक आहे. आता अक्षरं इतकी स्पष्ट दिसतात की आपल्याच जुन्या लेखांतल्या चुका पाहून लाज वाटते. असो.

दिवाळीत वैजापूरहून अक्का आली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बरोबर तिची नात, अकरावी आर्ट्सला आहे. पोरगी चौकस. माझ्या कपाटातल्या जुन्या टिपणवह्या (चौतीस वर्षं इतिहास शिकवला, त्याच्या) चाळता चाळता तिने विचारलं, "आजोबा, फ्रेंच राज्यक्रांतीत बायका होत्या का?"

आता हा तर माझा हातखंडा विषय. मी सरसावून बसलो. ५ ऑक्टोबर १७८९ चा दिवस, पॅरिसच्या बाजारातल्या बायका, पाव महाग झालेला, भर पावसात चिखल तुडवत व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंतची ती पायपीट, आणि दुसऱ्या दिवशी खुद्द राजाराणीला बरोबर घेऊन पॅरिसला परत येणं. हे सगळं मी तिला अगदी वर्गात सांगायचो तसं हातवारे करून सांगितलं. पोरगी ऐकत होती. मग म्हणाली, "ते झालं. पण नंतर त्यांना मिळालं काय?"

खरं सांगतो, चौतीस वर्षांत मला हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. "सर, हे परीक्षेला येणार का?" हा मात्र दरवर्षी.

मिळालं काही नाही, हे उत्तर. २६ ऑगस्ट १७८९ ला फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जो जाहीरनामा काढला, त्याची सतरा कलमं मी फळ्यावर लिहायचो. त्यातला 'माणूस' म्हणजे पुरुष होता, हे मी कधी म्हणालो नाही. आणि ते ज्या बाईने त्याच क्रांतीच्या धामधुमीत तोंडावर सांगितलं, तिचं नाव माझ्या वह्यांत कुठेही नव्हतं. तिचं नाव ओलँप द गूज. १७४८ साली दक्षिण फ्रान्समधल्या मोंतोबाँ गावात जन्मली. लहान वयात लग्न झालं, लवकरच नवरा वारला, आणि तिने पुन्हा लग्न करायचं नाही असं ठरवलं. पॅरिसला येऊन नाटकं लिहू लागली, त्यातलं एक गुलामगिरीच्या विरुद्ध. सप्टेंबर १७९१ मध्ये तिने एक गंमत केली. गंमत म्हणतो, पण जिवावरची. तो सतरा कलमांचा जाहीरनामा समोर घेतला आणि कलमागणिक 'स्त्री' घालून स्वतःचा सतरा कलमांचा जाहीरनामा लिहिला. तिचा एक मुद्दा असा होता की, कायदा जर बाईला फासावर चढवताना तिचं बाईपण बघत नसेल, तर सभेत बोलायला उभी राहतानाही ते बघू नये.

पुढे तिने देशात राज्यपद्धती कोणती असावी यावर लोकांचा कौल घ्या असं सांगणारं भित्तिपत्रक काढलं, त्यावरून जुलै १७९३ मध्ये तिला पकडलं आणि ३ नोव्हेंबर १७९३ ला गिलोटिनवर चढवलं. त्याच्या चारच दिवस आधी क्रांती सरकारने बायकांच्या सगळ्या राजकीय मंडळांवर बंदी घातली होती. आणि त्याच महिन्यात पॅरिसच्या एका पुढाऱ्याने भर सभेत तिचं उदाहरण देऊन बायकांना दटावलं की, घर सोडून राजकारणात आलात तर असं होतं! फ्रेंच बायकांना मताचा अधिकार १९४४ साली मिळाला. समता, स्वातंत्र्य, बंधुता हे तीन शब्द सगळ्या जगाला शिकवणाऱ्या देशात दीडशे वर्षांनी.

नातीचं समाधान झालं नाही. "आपल्याकडे कोणी होतं का असं?"

होतं. आणि ते मला ठाऊक होतं. म्हणून तर हा लेख.

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, त्याला मी क्रांती म्हणतो. काहींना हा शब्द मोठा वाटेल. राजवाडा पडला नाही, तोफ उडाली नाही. पण भटजीवाचून लग्न लावता येतं हे शेतकऱ्याने करून दाखवणं, ही त्या काळी तोफेपेक्षा कमी गोष्ट नव्हती. (ज्यांच्या घरात आजही मुहूर्तावरून भांडणं होतात त्यांनी विचार करून पाहावा.) या समाजाचे सभासद पुण्याबाहेर दूरवर होते. वऱ्हाडात बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेले बापूजी हरी शिंदे हे त्यांच्यातले एक. त्यांना चार मुलगे आणि एक मुलगी. मुलीचं नाव ताराबाई. जन्म १८५० च्या सुमाराचा.

बापूजींनी मुलीला मराठी शिकवलं, संस्कृत शिकवलं, इंग्रजीही शिकवलं. त्या काळच्या मराठा घरात हे किती नवलाचं, ते माझ्या पिढीच्या वाचकांना सांगायला नको. बाईने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, परपुरुषापुढे यायचं नाही, असा तो गोषाचा काळ. लग्न झालं ते घरजावई करून. म्हणजे ताराबाई सासरी गेल्याच नाहीत, वडिलांच्या घरीच राहिल्या. मूलबाळ झालं नाही. एवढीच माहिती. एवढ्या मोठ्या लेखिकेचं चरित्र पोस्टकार्डावर मावेल इतकंच आपल्या हाती आहे. मी एकदा एका लग्नासाठी बुलढाण्याला गेलो होतो. जेवणावळीत शेजारी बसलेल्या दोघातिघांना विचारलं, इथे ताराबाई शिंदे कुठे राहायच्या? एकाने विचारलं, "कोणत्या वॉर्डात?"

आता १८८१ साल. सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, बाळंत झाली, आणि जन्मलेलं मूल मारल्याचा आरोप तिच्यावर आला. सेशन कोर्टाने फाशी सुनावली. अपिलात फाशी जाऊन जन्मठेपेचं काळं पाणी झालं, आणि नंतर तीही शिक्षा कमी झाली. पण मधल्या काळात वर्तमानपत्रांना विषय मिळाला. पुण्यातल्या 'पुणेवैभव' नावाच्या सनातनी वळणाच्या पत्राने त्या एका बाईवरून सगळ्या बायकांच्याच चालचलणुकीवर झोड उठवली. शिकल्यामुळे, मोकळीक मिळाल्यामुळे बायका बिघडल्या, असा सूर.

बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ते वाचलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. विजयालक्ष्मी त्यांच्या नात्याची नाही, गावाची नाही, जातीची नाही. तरीही त्यांनी लेखणी उचलली आणि एक निबंध लिहिला. 'स्त्रीपुरुष तुलना'. स्त्रिया आणि पुरुष यांत खरा साहसी कोण (साहसी म्हणजे तेव्हाच्या अर्थाने अविचारी, धाडस करून पाप करणारा) ते स्पष्ट करून दाखवण्यासाठी लिहिलेला निबंध, असं त्याचं लांबलचक उपनाव. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

त्या वर्षी पुण्यात काय काय चाललं होतं पाहा. पंडिता रमाबाई पुण्यात आल्या होत्या, त्यांचं 'स्त्रीधर्मनीति' आणि त्यांचा आर्य महिला समाज दोन्ही १८८२ चे. हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी शिक्षणाबद्दल आपलं निवेदन दिलं ते १८८२ लाच. या गडबडीत वऱ्हाडातून आलेलं हे छोटंसं पुस्तक.

पुस्तकाची रीत मोठी चतुर आहे. मास्तर म्हणून मला ती फार आवडते. बायकांचे म्हणून जे दुर्गुण पोथ्यापुराणांत आणि त्या वेळच्या कादंबऱ्या-नाटकांत सांगितलेले होते, कपट, अविचार, मूर्खपणा, लोभ वगैरे, ते ताराबाई एकेक करून हातात घेतात. नाही, हे आमच्यात नाहीतच, असं म्हणत नाहीत. म्हणतात, बरं, असतील. आता हाच दुर्गुण तुमच्यात किती आहे ते मोजू या. आणि मग जो हिशेब सुरू होतो! बाई फसवी म्हणता, तर कोर्टकचेऱ्यांत खोटे कागद कोण करतं? लाच कोण खातं? तुरुंगांत कोण भरलेलं आहे? बायको मेली की तेराव्याचे विधी आटोपतात न आटोपतात तोच दुसरी मुलगी बघायला कोण निघतं? केस पिकलेला नवरा आणि दहा वर्षांची नवरी, ही जोडी कोण जुळवतं? पतीला देव मानावं म्हणता, ठीक, पण मग त्याने देवासारखं वागायला नको का? सावित्री नवऱ्याचे प्राण आणायला यमाच्या मागे गेली, असा एक तरी नवरा दाखवा की जो बायकोसाठी तिकडे गेला. (हे सगळं मी माझ्या शब्दांत सांगतो आहे. मूळ वाचाल तर माझी भाषा गुळमुळीत वाटेल.)

देवांनाही त्या सोडत नाहीत. अहल्येच्या गोष्टीत शाप कोणाला आणि गुन्हा कोणाचा, अशा चालीने पुराणातले देव, ऋषी आणि राजे सगळे एका रांगेत उभे. १८८२ साली, बाईने!

हे वाचताना मला नेहमी आमचं कोपरगाव आठवतं. गोदेच्या बेटावर शुक्राचार्यांचं देऊळ आहे, तिथे मुहूर्त न बघता लग्नं लागतात म्हणून लांबून लोक येतात. तिथली कचाची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कच विद्या शिकायला आला, राक्षसांनी मारला की देवयानी बापाच्या मागे लागून त्याला जिवंत करवायची. काम झाल्यावर तिने लग्नाचं विचारलं तर तो म्हणाला, तू तर माझी गुरुभगिनी. गोष्टीत कच आदर्श विद्यार्थी आणि देवयानी हट्टी. दुसरी गोष्ट राघोबादादांची. दादा इथेच राहिले, इथेच १७८३ साली वारले, त्यांचा वाडा गावात आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते दादांना. पण आमच्या गावात कोणालाही विचारा, खून कोणी करवला? आनंदीबाईने, 'ध' चा 'मा' करून. त्या कागदाची गोष्ट ऐकीव आहे, दादांचा दोष न्यायाधीशाने सांगितलेला आहे, तरी अडीचशे वर्षं पोरासोरांच्या तोंडी नाव राहिलं ते बाईचं. मीही वर्गात 'ध' चा 'मा' रंगवूनच सांगायचो, पोरांना आवडायचं. ताराबाईंचं पुस्तक वाचलेलं असूनसुद्धा.

त्यांच्या पुस्तकातला मला सगळ्यात खोल वाटणारा भाग विधवांचा आहे. सुधारकांनी विधवाविवाहावर तोवर पुष्कळ लिहिलं होतं. विष्णुशास्त्री पंडितांनी तर स्वतः विधवेशी लग्न केलं होतं. पण हा ब्राह्मणांच्या घरातला प्रश्न आहे अशीच बहुतेकांची समजूत होती. ताराबाई सांगतात की पुनर्विवाहाची बंदी आता एका जातीपुरती राहिली नाही. प्रतिष्ठेसाठी वरच्यांचं अनुकरण करता करता ती मराठ्यांत आणि इतरांत उतरते आहे. हे त्यांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या जातीत बघितलं होतं. आणि त्या विचारतात की, तरण्या पोरीला कोंडून ठेवायचं, घरातल्याच कोणी तिचा फायदा घ्यायचा, आणि मग ती अडकली की सगळ्यांनी हात झटकायचे, तर खुनी कोण? विजयालक्ष्मीच्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी विजयालक्ष्मी होती. त्या मुलाचा बाप कुठे होता?

जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी याच प्रश्नावर १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. अशा अडलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल नेता आलं तर न्यावं, नाही तर ठेवून जावं. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, तो यशवंत. म्हणजे ताराबाई जे लिहीत होत्या ते सत्यशोधकांच्या डोक्यावरून जाण्याचं काही कारण नव्हतं.

पण गेलं. सनातनी पत्रं खवळणार हे ठरलेलंच होतं. दुखावणारी गोष्ट ही की, चळवळीतल्याच काही लिहित्या मंडळींनाही बाईचा हा सूर आवडला नाही. भटशाहीवर टीका केली की टाळ्या, आणि तीच काठी घरातल्या पुरुषशाहीवर उगारली की कपाळाला आठ्या. पॅरिसमध्ये झालं तेच, फक्त गिलोटिन नव्हतं. आणि फरक आणखी एक. इथे क्रांतीचा पुढारीच तिच्या बाजूने उभा राहिला. १८८५ साली जोतीरावांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची कड घेतली, त्यांना लेकीसारखं मानून त्यांचा उल्लेख केला आणि नाकं मुरडणाऱ्या आपल्याच लोकांना फटकारलं. रोबेस्पिएरच्या हातून असं काही झालं नाही. पुढे जोतीरावांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या पश्चात १८९१ ला निघालं, त्यात हक्कांची गोष्ट आली की 'स्त्री-पुरुष' असा जोडशब्द पुन्हा पुन्हा येतो. नुसता 'माणूस' म्हणून भागवलेलं नाही. नातीला मी हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे फ्रेंचांच्या जाहीरनाम्यात जे राहिलं ते यांनी घातलं." माझ्या वर्गात असती तर पैकीच्या पैकी दिले असते.

ताराबाईंचं सगळंच आज पटेल असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. इंग्रज सरकारवर त्यांचा भरवसा जरा जास्तच होता. वेश्यांबद्दलचे त्यांचे शब्द कठोर आहेत, जरी त्यांना त्या वाटेवर आणून सोडणारे कोण हे विचारायला त्या विसरत नाहीत. पतिव्रतेचा धर्म त्या मोडीत काढत नाहीत, तो दोघांना सारखा लावा म्हणतात. पण एखाद्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाला खिडकीतून जेवढं दिसलं, त्यात त्याने काय काय टिपलं ते बघायचं असतं. आणि भाषा! चुलीपुढची, पाणवठ्यावरची, टोमण्यांची भाषा. संस्कृत शिकलेली बाई, पण छापील मराठीचा तोरा नाही. माझी आई भांडायला लागली की अशी बोलायची.

यानंतर ताराबाईंचं दुसरं काही छापलेलं सापडत नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. पाचशे प्रती कुठे गेल्या कोणास ठाऊक. पुस्तक विसरलं गेलं ते इतकं की मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकून बी. ए. झालेल्या माझ्यासारख्याला परीक्षेपुरतंसुद्धा हे नाव पाठ करावं लागलं नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं. त्र्याण्णव वर्षांनी. १९९४ साली रोझालिंड ओ'हॅन्लन यांनी इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा जगाला कळलं.

मी ती मालशांची आवृत्ती नोकरीला लागल्यावर दोन-चार वर्षांत वाचनालयातून आणून वाचली. वही काढून टिपणं घेतली. स्टाफरूममध्ये त्यावर बोललोसुद्धा, एका ८ मार्चला मुलींपुढे भाषणही केलं. टाळ्या पडल्या. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सांगायचं आहे.

१९८९ ला आमचे वडील गेले. कालव्यावरची चार एकर जमीन. आम्ही दोघे भाऊ, दोन बहिणी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाची वारस आहे, हे मला माहीत होतं. मी नागरिकशास्त्रही शिकवायचो! पण गावात रीत अशी की बहिणींनी हक्क सोडायचा. सोडला नाही तर माहेर तुटतं. कोणी तसं बोलून दाखवत नाही, पण दिवाळीचं बोलावणं येईनासं होतं, भाऊबीजेचं ताट लागेनासं होतं. वर्षश्राद्ध झालं आणि १९९० च्या उन्हाळ्यात दोघी बहिणी एस. टी. ने कोपरगावला आल्या. कागद तयार होता. दोघींना साड्या आणल्या होत्या, त्या माझ्याच पसंतीच्या.

अक्काचं शिक्षण चौथी. ती शाळेतून निघाली कारण घरात तान्हं पोर होतं आणि आई शेतावर जायची. ते पोर म्हणजे मी. मला कडेवर घेऊन ती शाळेच्या खिडकीशी उभी राहायची, असं आई सांगायची. तर त्या दिवशी अक्काने चष्मा नव्हता म्हणून विचारलं, "कुठं सही करू रे?" आणि मी बोट ठेवून जागा दाखवली. सही झाली. बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी स्टँडजवळ भजी खाल्ली आणि त्यांना गाडीत बसवून दिलं.

त्या वेळचीच आणखी एक गोष्ट. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं होतं. शरद जोशींची शेतकरी संघटना तेव्हा भरात होती. चांदवड आमच्याहून येवला-मनमाडच्या पलीकडे, फार लांब नाही. आमच्या सौ. वस्तीवरच्या बायकांबरोबर ट्रकमधून गेल्या, शिदोरी बांधून. लाखांनी बायका आल्या होत्या. दोन दिवसांनी परत आल्या त्या घसा बसवूनच. मग १९८९ नंतर संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' सुरू केली. ज्या शेतकऱ्याच्या घरची लक्ष्मी जन्मभर रानात राबली, तिच्या नावावर त्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा करून द्यायचा. ज्या गावात शंभरजण असं करतील त्या गावाचा मान. लोकांनी केलंही. सातबारावर बायकोचं नाव लावून घेतलेले शेतकरी मी स्वतः पाहिले आहेत. आमच्याकडे त्यावरून चर्चा झाली तेव्हा सौ. एवढंच म्हणाल्या, "मला देण्याआधी ज्यांच्याकडून घेतली त्यांचं बघा." मी हसण्यावारी नेलं.

पुढे कायदे बदलत गेले. महाराष्ट्राने १९९४ ला वडिलोपार्जित इस्टेटीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा देणारी दुरुस्ती केली, केंद्राने २००५ ला केली, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की हा हक्क मुलीला जन्मानेच आहे, २००५ ला वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही. पण एकदा सोडलेला हक्क सोडलेलाच. आणि हक्कसोडपत्रं आजही होतात. फक्त साड्या महाग झाल्या.

धाकटी बहीण करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. राहिली अक्का.

तर या दिवाळीत नातीने ताराबाईंचं पुस्तक माझ्याकडून मागून घेतलं (नव्या आवृत्तीची प्रत आहे माझ्याकडे) आणि दुपारी ओसरीवर आजीला वाचून दाखवायला सुरुवात केली. मी आत कॉटवर पडलो होतो, डोळ्यात औषध घालून. सगळं ऐकू येत होतं. अक्का मधेमधे खुदकन हसत होती. सावित्री आणि यमाचा भाग आला तेव्हा तर तिने पुन्हा वाचायला लावला. "ही बाई कुठली म्हणालीस?" "बुलढाण्याची." "शिकलेली असंल." "हो, वडिलांनी शिकवलं." मग बराच वेळ आवाज नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी बाहेर आलो तर पुस्तक अक्काच्या मांडीवर होतं. भिंग घेऊन ती स्वतः अक्षरं लावत होती. मला बघून म्हणाली, "हे तू कधी वाचलंस रे पहिल्यांदा?"

मी सांगितलं. शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल.

तिने बोटांवर मोजलं नाही. तेवढा हिशेब तिला येतो. "म्हणजे दादा जायच्या आधी," एवढंच म्हणाली, आणि पान उलटलं. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो.

माझ्या वाट्याला दोन एकर आली होती. त्यातली एक विहिरीकडची आहे, कालव्याचं पाणी तिलाच आधी मिळतं. वकिलांशी बोललो. आता हक्कसोडपत्र फिरवता येत नाही, बक्षीसपत्र करावं लागेल. मुलाला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की सुट्टीत आल्यावर बोलू. धाकट्या भावाला अजून सांगायचं आहे. तो हे वाचतो, म्हणून त्याला इथूनच कळेल. अरे, फोन कर.

अक्काला मात्र अजून काही बोललो नाही. कागद झाल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं आहे. पुस्तक ती वैजापूरला घेऊन गेली.